बायबलमधले हिब्रू महिने शोधायचे तर आधी वचन उघडा

बायबलमधल्या लूकच्या पुस्तकात १:२६ मध्ये (अध्याय १, वचन २६) 'सहाव्या महिन्यात' देवाने गब्रीएल देवदूताला नासरेथला पाठवलं, असं आहे. दोन वर्षांपूर्वी भायखळ्याला आमच्या बुधवारच्या बायबल अभ्यासात मी हे वचन अलूल महिन्याखाली लिहून नेलं होतं. हिब्रू कॅलेंडरात अलूल सहावा. म्हणून मोबाइलवर 'सहाव्या महिन्यात' एवढं टाकलं, जी वचनं आली ती ओळीने वहीत उतरवली आणि वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावरच्या आजी वाचन संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, हा कॅलेंडरचा सहावा नव्हे. अलीशिबेला लागलेला सहावा." त्यांचं बरोबर होतं. दोनच वचनं वर, २४ मध्ये, गरोदर अलीशिबा पाच महिने एकांतात राहिल्याचं आहे आणि ३६ मध्ये तिचा सहावा महिना पुन्हा येतो. मी शब्द शोधला होता, वचन वाचलं नव्हतं.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात की शब्द एकटा तपासायचा नाही, त्याच्या मागची-पुढची ओळ वाचायची. कागदावर पाळलेला हा नियम पडद्यावर माझ्या हातून सुटला, कारण मोबाइल उत्तर इतक्या पटकन देतो की ते उत्तर पूर्णच असणार असं वाटतं. त्या बुधवारनंतर मी हिब्रू महिन्यांसाठी वेगळी वही केली, महिन्याला एक पान. ती भरता भरता जी रीत बसली ती इथे लिहिते. बायबलचा अभ्यास घेणाऱ्या, रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या किंवा नुसतं कुतूहल असणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल.

काय सापडेल आणि काय नाही

शोधायला बसण्याआधी एवढं माहीत असू द्या, पुष्कळ पायपीट वाचते.

बायबलमध्ये महिन्यांच्या नावांचे दोन संच आहेत. जुना संच चार नावांचा: अबीब (पहिला), जिव (दुसरा), एथानीम (सातवा) आणि बूल (आठवा). अबीब निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत येतो: निर्गम १३:४, २३:१५, ३४:१८ आणि अनुवाद १६:१. बाकीचे तीन १ राजे या पुस्तकात, शलमोनाच्या मंदिराच्या बांधकामाच्या हकिकतीत आहेत. जिवमध्ये पाया घातला (६:१ आणि ६:३७), बूलमध्ये काम पुरं झालं (६:३८), एथानीममध्ये कराराचा कोश आत आणला (८:२). या तीन नावांची सगळी वचनं एवढीच.

दुसरा संच ज्यूंच्या बाबेलमधल्या, म्हणजे बॅबिलोनमधल्या, बंदिवासानंतरचा. जेरुसलेम तालमूदात (ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ) स्पष्टच म्हटलंय की महिन्यांची नावं लोकांबरोबर बाबेलहून आली. यातली सात बायबलमध्ये आहेत: निसान (नहेम्या २:१, एस्तेर ३:७), सीवान (एस्तेर ८:९), अलूल (नहेम्या ६:१५), किसलेव (नहेम्या १:१, जखऱ्या ७:१), तेबेत (एस्तेर २:१६), शबाट (जखऱ्या १:७) आणि अदार. अदार एकट्या एस्तेरच्या पुस्तकात आठ वचनांत आहे, शिवाय एज्रा ६:१५ मध्ये.

आज ज्यू लोक ज्या नावांनी महिने मोजतात त्यांतली पाच बायबलमध्ये महिना म्हणून कुठेच नाहीत: इयार, तम्मूज, अव, तिश्री आणि मार्हेश्वान. प्रायश्चित्ताचा दिवस, कर्ण्यांचा दिवस, मांडवांचा सण हे सगळे तिश्रीतले, पण लेवीय २३ मध्ये तिश्री शोधाल तर शून्य येईल. तिथे 'सातवा महिना' आहे. नव्या करारात तर एकाही हिब्रू महिन्याचं नाव नाही.

पुष्कळ जण इथेच अडकतात. नाव टाकलं, काही आलं नाही, म्हणजे बायबल त्याबद्दल बोलत नाही, असं समजून पुस्तक मिटतात. प्रत्यक्षात बायबल महिने मुख्यतः आकड्यांनी मोजतं. 'हा महिना तुम्हांला पहिला' ही निर्गम १२:२ ची आज्ञा, आणि तिथून मोजणी सुरू. म्हणून प्रत्येक महिन्यासाठी शोध दोनदा घ्यावा लागतो, एकदा नावाने आणि एकदा क्रमांकाने. एक शोध सोडला तर अर्धी वचनं हातची जातात. नहेम्याच्या पुस्तकात किसलेव, निसान, अलूल नावाने आहेत, पण ७:७३, ८:२ आणि ८:१४ मध्ये 'सातवा महिना' क्रमांकानेच येतो. हाग्गयाने सगळे दिनांक क्रमांकानेच दिले, एकदाही नाव घेतलं नाही. दोघेही इराणी राजवटीतले, दोघेही यरुशलेमेच्या (जेरुसलेमच्या) उभारणीत गुंतलेले, तरी नुसत्या नावाच्या शोधात ते एकत्र येत नाहीत.

शब्द स्वतःच्या मनाने टाकू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. महिन्याचं नाव शोधायच्या चौकटीत स्वतःच्या मनाने टाइप करू नका. वर दिलेलं एक वचन तुमच्या भाषांतरात उघडा, नाव कसं लिहिलंय ते बघा, शब्दावर बोट दाबून धरा, कॉपी करा आणि तोच चौकटीत पेस्ट करा.

कारण मराठीत या नावांचं लेखन एकसारखं नाही. किसलेव की किस्लेव, तेबेत की तेबेथ, शबाट की शेबात, अलूल की एलूल, हे भाषांतरागणिक बदलतं. बऱ्याच ॲपचा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की त्याला काही दिसत नाही, किंवा भलतंच दिसतं. 'बूल'ऐवजी ऱ्हस्व 'बुल' टाकलंत तर जबुलून वंशाची सगळी वचनं समोर येतील, कारण जबुलूनच्या पोटात 'बुल' आहे. 'जिव' तर फारच त्रासाचा. जिवंत, जिवाला, जिवास, सगळे उठून येतात आणि हवी असलेली दोन वचनं त्या ढिगाखाली जातात. अशा वेळी 'जिव' एकटा शोधू नका. ॲपमध्ये पुस्तक निवडायची सोय असते, तिथे १ राजे निवडा, किंवा अवतरणचिन्हांत 'जिव' आणि त्याच्या पुढचा शब्द दोन्ही घाला, तेही वचनातून कॉपी करून.

आता एक बारीक गोष्ट. मला ती कळायला चार महिने लागले. मी 'दुसऱ्या महिन्या' असं टाकत होते आणि काहीच मिळत नव्हतं. तेच वचन समोर उघडं, तेच शब्द डोळ्यांना दिसतात, आणि शोध म्हणतो 'आढळलं नाही'. कारण त्या 'ऱ्या'मध्ये आहे. संगणकात हा अर्धा रफार दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दुसऱ्या तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, ॲपच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. तुमचा कीबोर्ड एक तऱ्हा लिहितो आणि भाषांतर टाइप करणाऱ्याने दुसरी वापरलेली असते. छापखान्यात खिळ्यांच्या काळात ही भानगड नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याला, आणि जखऱ्याच्या नावालाही, ही अडचण हमखास येते. उपाय तोच: वचनातून कॉपी करा. किंवा फक्त 'महिन्या' शोधा आणि पुस्तक निवडून नजरेने गाळा. पहिला, चौथा, पाचवा, सातवा यांत हे अक्षर नसल्यामुळे ते सरळ सापडतात.

'महिन्या' इथेच थांबा, 'महिन्यात' लिहू नका. मराठीत महिन्यात, महिन्याच्या, महिन्याचा, महिन्यापासून अशी रूपं होतात. सामान्यरूपापर्यंत लिहून सोडलं की सगळी रूपं येतात. ॲप पूर्ण शब्दच जुळवत असेल तर शेवटी तारांकन लावून बघा, काही ठिकाणी ते चालतं.

दिवसांच्या बाबतीत आणखी एक. जुन्या वळणाच्या मराठी भाषांतरात तिथींची नावं आहेत. वल्हांडणाचं (मिसरातून सुटकेच्या सणाचं) कोकरू महिन्याच्या 'दशमीस' निवडायचं, वल्हांडण 'चतुर्दशीस'. भाषांतरकारांनी वाचकाच्या ओठांवरचा शब्द घेतला, आणि मला तो फार आवडतो. पण 'दहाव्या दिवशी' किंवा 'चौदाव्या दिवशी' शोधणाऱ्याला ही वचनं मिळणार नाहीत. तेव्हा प्रतिपदा, दशमी, चतुर्दशी हेही टाकून बघा.

हिब्रू शब्दापर्यंत कसं पोचायचं

मराठी भाषांतरातला शोध कुठेतरी कमी पडतोच. मग मूळ शब्दाकडे जायचं. हिब्रू येत नसली तरी चालतं, मलाही येत नाही, अक्षरं तेवढी ओळखते. १८९० साली जेम्स स्ट्राँग यांनी बायबलमधल्या प्रत्येक मूळ हिब्रू शब्दाला क्रमांक देऊन मोठी शब्दसूची छापली. तेच क्रमांक आज बहुतेक डिजिटल ग्रंथालयांत चालतात. इंग्रजी एच हे अक्षर आणि त्याला चिकटून क्रमांक, मध्ये जागा नाही. क्रमांक इंग्रजी आकड्यांतच टाका, देवनागरी आकडे तिथे चालत नाहीत.

माझ्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर हे लिहिलेलं आहे: अबीब २४, जिव २०९९, एथानीम ३८८, बूल ९४५, निसान ५२१२, सीवान ५५१०, अलूल ४३५, किसलेव ३६९१, तेबेत २८८७, शबाट ७६२७, अदार १४३. एज्रा ६:१५ चा अदार मात्र १४४, कारण एज्राचा तो भाग अरामी भाषेत आहे आणि स्ट्राँग यांनी अरामी शब्दांना वेगळे क्रमांक दिले. १४३ शोधून एज्रा आला नाही म्हणून गोंधळू नका.

मी दोन ठिकाणं वापरते, दोन्ही फुकट आहेत. ब्लू लेटर बायबलमध्ये शोधाच्या चौकटीत असा क्रमांक टाकला की शब्दाचं पान उघडतं आणि खाली तो शब्द आलेली वचनं ओळीने मिळतात. केंब्रिजच्या टिंडेल हाउसच्या स्टेप बायबलमध्ये वचनातल्या शब्दावर क्लिक केलं की बाजूला मूळ शब्द, अर्थ आणि तो कुठे कुठे आलाय ते दिसतं. दोन्हींत क्रमांक इंग्रजी भाषांतराला जोडलेले आहेत. म्हणून मी वचनांचे संदर्भ तिथून घेते आणि वाचन मराठीत करते. लोकलमध्ये भायखळ्याहून ठाण्याला जाता जाता एका महिन्याची यादी आरामात होते.

इंग्रजीत नावाने शोधत असाल तर तिथेही लेखन वेगवेगळं आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात किसलेवचं स्पेलिंग सी-एचने सुरू होतं आणि शेवटी यू आहे, शबाट नुसत्या एसने सुरू होतो, जिवच्या शेवटी एफ आहे. नव्या भाषांतरात हे सगळं बदललं. क्रमांक वापरलात तर या स्पेलिंगच्या फेऱ्यात पडायची गरज नाही.

'महिना' या शब्दाचेही दोन हिब्रू शब्द आहेत. नेहमीचा 'खोदेश', २३२०, अडीचशेहून जास्त वेळा येतो. त्याचा मूळ अर्थ नवा चंद्र, म्हणून या शोधात चंद्रदर्शनाचीही वचनं येतील. १ शमुवेल २० मधलं दावीद आणि योनाथानाचं चंद्रदर्शनाचं जेवण, आमोस ८:५ मधले सण कधी संपतो याची वाट बघणारे धान्याचे व्यापारी. ती गाळताना घाई करू नका, महिना तिथूनच सुरू होतो. दुसरा शब्द 'येराख', ३३९१, चंद्रावरूनच आलेला. १ राजेमधल्या बूल आणि एथानीमबरोबर हाच आहे, आणि ६:३७ मधल्या जिवबरोबरही. फक्त खोदेश शोधून महिना संपला असं मानलंत तर ६:३७ सारखं वचन निसटू शकतं.

दोन क्रमांक एकत्र टाकता आले तर आणखी बरं. 'सातवा' या शब्दाचा क्रमांक ७६३७. तो आणि २३२० एकत्र शोधलात की सातव्या महिन्याची वचनं समोर येतात. त्यांत 'सातवा दिवस' असलेली काही घुसतात, ती वाचून बाजूला काढायची.

नाव तेच, माणूस वेगळा

तम्मूज शोधलात तर एकच वचन येईल, यहेज्केल ८:१४. ते पाहून चौथा महिना सापडला असं वाटतं. नीट वाचा. मंदिराच्या उत्तरेकडच्या दारात बायका तम्मूजसाठी रडताहेत. हा बाबेलकडचा देव, ज्याच्यावरून पुढे महिन्याचं नाव पडलं. आणि त्या अध्यायाचं पहिलं वचन सांगतं की हा दृष्टान्त सहाव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी झाला. म्हणजे ज्या एकाच अध्यायात तम्मूज हे नाव आहे तिथे महिना चौथा नाहीच. चौथा महिना हवा असेल तर यिर्मया ३९:२ आणि ५२:६ उघडा. त्या महिन्याच्या नवव्या दिवशी नगराच्या तटाला खिंडार पडलं.

तसंच अद्दार हे यहोशवा १५:३ मध्ये सीमेवरचं एक ठिकाण आहे आणि १ इतिहास ८:३ मध्ये एका माणसाचं नाव. 'अबीब' महिन्याशिवाय कोवळ्या कणसासाठीही येतो, निर्गम ९:३१ मध्ये गारांनी झोडपलेलं जव अबीबात होतं. मराठीत तिथे महिन्याचं नाव दिसणार नाही, पण २४ क्रमांकाच्या यादीत ते वचन येईल. ते पुसून टाकू नका. जव कणसावर यायचा तो महिना म्हणून त्याचं नाव अबीब, हे त्या एका वचनातून समजतं. अव मात्र मराठीत नावाने शोधूच नका. अवघा, अवयव, अवकाश अशा शब्दांत तो हरवेल, आणि हरवला नाही तरी महिना म्हणून मिळणार नाही.

पाचव्या महिन्याचं पान

एक पान पूर्ण दाखवते, म्हणजे रीत कशी चालते ते कळेल. अव हा पाचवा महिना. नावाने काहीच नाही, म्हणून क्रमांकाने. २ राजे २५:८ मध्ये बाबेलचा सरदार पाचव्या महिन्याच्या सातव्या दिवशी यरुशलेमेत आला आणि मंदिर जाळलं. यिर्मया ५२:१२ त्याच घटनेला त्याच महिन्याचा दहावा दिवस देतो. दोन्ही आकडे जसेच्या तसे वहीत लिहा, त्यांतला एक पुसून दुसऱ्याशी जुळवू नका. पुढे जखऱ्या ७:३ मध्ये लोक विचारतात, पाचव्या महिन्यात रडायचं चालू ठेवू का? आणि ८:१९ मध्ये चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याचे उपास एका ओळीत येतात, ते आनंदाचे सण होतील या अभिवचनासह. हे एक वचन मिळालं की चार महिन्यांची पानं एकमेकांना जोडली जातात.

मग बायबलच्या बाहेर. सेफारिया या डिजिटल ग्रंथालयात मिश्ना (ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह) आणि तालमूद इंग्रजी भाषांतरासह फुकट वाचायला आहेत. तिथे अव नावाने शोधला की मिश्नाच्या तानीत या भागात ४:६ मिळतं. तम्मूजच्या १७ तारखेला काय काय घडलं आणि अवच्या ९ तारखेला पहिलं व दुसरं मंदिर कसं उद्ध्वस्त झालं, ते तिथे आहे. सात आणि दहाच्या मधला नववा दिवस उपासाचा ठरला तो असा. बायबल ज्या पाच नावांबद्दल गप्प आहे ती सगळी शोधायला हेच ठिकाण. मिश्नाच्या रोश हशाना या भागाची सुरुवातच निसान, अलूल, तिश्री आणि शबाट या चार महिन्यांतल्या चार नववर्षांनी होते.

या पानावर मी शेवटी एक ओळ लिहिली आहे, आणि ती कुठल्याही ॲपमध्ये नव्हती. आमच्या जुन्या चाळीत बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या एक मावशी राहायच्या, आता ठाण्याला असतात. त्यांना अवची नववी विचारली तर त्या म्हणाल्या, "अगं, तो आमचा बिरड्याचा रोजा." उपास सोडताना वालाचं बिरडं. पूरीम या ज्यू सणाला त्या होळीचा सण म्हणतात. कोकणात शतकानुशतकं तेल गाळत राहिलेल्या या समाजाने हिब्रू महिन्यांची नावं विसरूनही दिवस धरून ठेवले ते अशा मराठी नावांनी. सॅम्युअल स्ट्रीटवरचं त्यांचं सभास्थान १७९६ सालचं आहे, मशीद स्टेशनपासून चालत थोड्या अंतरावर. मुंबईत राहून हिब्रू महिन्यांचा अभ्यास करणाऱ्याने एकदा तरी कुणा बेने इस्राएल आजी-आजोबांशी बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या महिन्यांशी ताळा

होळी आणि पूरीम जवळ येतात यामागे गणित आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येनंतर सुरू होतो, उत्तरेत पौर्णिमेनंतर. हिब्रू महिनाही नव्या चंद्रापासूनच सुरू होतो. त्यामुळे दोघांची चौदावी-पंधरावी पौर्णिमेच्या आसपास पडते. पूरीम अदारच्या १४ ला, होळी फाल्गुन पौर्णिमेला. वल्हांडण निसानच्या १४ ला संध्याकाळी, म्हणजे बहुतेक वर्षी चैत्र पौर्णिमेच्या जवळ. वर्गात महिन्याचा अंदाज द्यायला हे फार सोपं जातं. मात्र ताळा दर वर्षी बसत नाही. दोन्हीकडे अधिक महिना आहे, पण हिब्रू कॅलेंडरात १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो आणि तो नेहमी अदारच असतो. आपल्याकडे अधिक महिना चैत्र, श्रावण असा बदलत जातो. म्हणून कुठल्या वर्षी दोन्ही कॅलेंडरं एक महिन्याने सरकतात. वचनापुढे मराठी महिना लिहायचा असेल तर 'सुमारे' हा शब्द सोडू नका.

आणि हिब्रू दिवस संध्याकाळी सुरू होतो, हेही तारखा जुळवताना धरून चला.

कोणतं ग्रंथालय उघडलंय ते बघा

तुमच्या ॲपमधलं बायबल ६६ पुस्तकांचं आहे की ७३, हे आधी पाहा. वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीने किसलेव शोधला तर तिला माझ्यापेक्षा जास्त वचनं मिळाली. तिच्या बायबलमध्ये मक्काबींची पुस्तकं आहेत. १ मक्काबी ४:५२ मध्ये किसलेवच्या २५ तारखेला वेदी पुन्हा अर्पण केल्याचं आहे, आणि योहान १०:२२ मध्ये येशू हिवाळ्यात मंदिरात असतो तो याच सणाला. योहान महिन्याचं नाव देत नाही. माझ्या ६६ पुस्तकांत अडकून राहिले असते तर त्या वचनाची तारीख मला कधी कळली नसती. आता मी तिला फोन करून माझी यादी तिच्या यादीशी ताडून घेते.

शब्दकोश आणि टीकाग्रंथ असलेली मोठी ग्रंथालयं असतात, लोगोससारखी. तिथे महिन्याचं नाव टाकलं की वचनांआधी लेखच लेख येतात. शोध आधी फक्त बायबलपुरता मर्यादित करा, वचनं स्वतः वाचा, वहीत लिहा, आणि मगच लेख उघडा. उलट केलंत तर लेखकाने निवडलेली वचनंच तुमची यादी होते. साध्या गूगलवर 'निसान' शोधण्यात तर अर्थच नाही, मोटारींच्या जाहिराती येतात.

वहीत प्रत्येक वचनापुढे मी तीन गोष्टी लिहिते: नाव आहे की क्रमांक की दोन्ही, दिवस दिलाय का, आणि कोणत्या राजाचं कोणतं वर्ष. वर्ष लिहायला लागल्यावर नहेम्याचं कोडं लक्षात आलं. १:१ मध्ये विसाव्या वर्षीचा किसलेव, २:१ मध्ये त्याच विसाव्या वर्षीचा निसान. किसलेव नववा, निसान पहिला, मग एकाच वर्षात नववा आधी आणि पहिला नंतर कसा? राजाचं वर्ष निसानपासून न मोजता शरद ऋतूतल्या सातव्या महिन्यापासून मोजलं असेल तर हे जुळतं, असं एक उत्तर अभ्यासक देतात. नुसत्या शोधाच्या यादीत हे दिसलं नसतं. दोन ओळी वहीत खाली-वर आल्या म्हणून दिसलं. तसंच ६:१५: तट अलूलच्या २५ तारखेला ५२ दिवसांत पुरा झाला. बोटांवर मागे मोजलं तर काम अवच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. म्हणजे ज्या महिन्यात मंदिर जळलं होतं त्याच महिन्यात तटाचा पहिला दगड बसला. वचनात अवचं नाव नाही, पण तो महिना तिथे आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा लूकच्या वचनातली माझी चूक दाखवणाऱ्या त्याच आजींनी वही मागून घेतली आणि ५२ दिवस स्वतः मोजून पाहिले.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी दुसऱ्या महिन्याचं पान सांगते. इयार हे नाव बायबलमध्ये नाही, जिव दोनच वचनांत आहे, आणि तरी पान भरतं. उत्पत्ती ७:११ मध्ये जलप्रलय सुरू होतो. निर्गम १६:१ मध्ये लोक सीन रानात येतात. गणना १०:११ मध्ये सीनायहून तळ हलतो. एज्रा ३:८ मध्ये परत आलेले लोक मंदिराच्या कामाला लागतात. आणि गणना ९:११ मध्ये ज्यांना पहिल्या महिन्यात वल्हांडण पाळता आला नाही, जे प्रवासात होते किंवा प्रेताला शिवल्यामुळे अशुद्ध होते, त्यांना दुसऱ्या महिन्याची चतुर्दशी दिली आहे. २ इतिहास ३०:१५ मध्ये हिज्कीया राजाच्या काळी अख्ख्या लोकांनी वल्हांडण त्याच दिवशी पाळला, कारण पहिल्या महिन्यात पुरेसे याजक शुद्ध झाले नव्हते. या शोधाला 'दुसऱ्या' हा शब्द लागतो, त्यातल्या 'ऱ्या'ला जपा. वचन उघडा, कॉपी करा आणि मग शोधा.